कोयता निघण्याआधी : वाढलेली साखर जिवावर बेतू नये म्हणून

नवरात्र जवळ आले की गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याला जाग येते. त्वरिता देवीच्या डोंगरावर गर्दी वाढते, घरोघरी घट बसतात, उपवास सुरू होतात. त्याच दिवसांत याच परिसरात दुसरीही तयारी चाललेली असते. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब, भांडीकुंडी, पत्रे, बांबू, कोयते यांची बांधाबांध. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत.

या बांधाबांधीत एक डबी हल्ली अनेक घरांत असते, शुगरच्या गोळ्यांची. काही घरांत इन्सुलिनची बाटलीही असते. पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळच्या कोपीत, ओळखीच्या डॉक्टरांपासून दूर राहणाऱ्या माणसाची साखर अचानक फार वाढली, तर काय करायचे? आणि मागे गावात राहिलेल्या म्हाताऱ्या आईची किंवा आजीजवळ ठेवलेल्या नातवाची वाढली, तर? जीव वाचणे पुष्कळदा पहिल्या काही तासांत घरच्यांनी काय ओळखले यावर ठरते. म्हणून हा विषय निघण्याआधीच समजून घेतलेला बरा.

‘कष्ट करणाऱ्याला शुगर होत नाही’

हा समज आधी बाजूला ठेवू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. याच पाहणीच्या २०११ मधल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले प्रमाण ८.४ टक्के होते आणि ग्रामीण भागातही ते ६.५ टक्के भरले होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याकडच्या शरीराचे एक वैशिष्ट्य दाखवून दिले. भारतीय माणूस वरून सडपातळ दिसला, तरी त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. तेव्हा ‘आमचा माणूस वाळका आहे, त्याला कसली शुगर’ हे म्हणणे टिकत नाही. उलट कष्टकरी माणसाचे वजन उतरले तर ते कामाने उतरले असेच सगळे धरतात आणि आजाराची पहिली खूण नजरेतून सुटते.

साखर वाढते तेव्हा आत काय होते

रक्तातली साखर हे शरीराचे इंधन आहे. पण ते पेशींच्या आत न्यायला इन्सुलिन लागते. इन्सुलिन कमी पडले की रक्तात साखर साचते आणि पेशी उपाशी राहतात. कणगी भरलेली, पण चूल विझलेली, असा प्रकार.

रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंड ती लघवीवाटे सोडू लागते. साखर जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वारंवार आणि भरपूर होते, अंगातले पाणी आटते, तहान भागत नाही. तोंडाला कोरड पडते, डोळे खोल जातात, नाडी जलद चालते. पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम हे क्षारही निघून जातात. इथवर आलेल्या माणसाला वेळेत पाणी आणि औषध मिळाले नाही, तर पुढे दोन वाटा फुटतात. दोन्ही धोक्याच्या आहेत, पण त्यांची चाल वेगळी आहे.

पहिली वाट : रक्त आम्ल होणे

इन्सुलिन जवळजवळ नसेलच, तर उपाशी पेशींसाठी शरीर चरबी जाळू लागते. त्यातून कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ तयार होतात आणि रक्त आम्ल होत जाते. याला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘डीकेए’ असतो.

लहान वयात होणाऱ्या टाइप १ मधुमेहात हा प्रकार जास्त दिसतो, कारण त्यात शरीराचे स्वतःचे इन्सुलिन संपलेले असते. पण टाइप २ च्या रुग्णालाही न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पायाची चिघळलेली जखम किंवा हृदयविकाराचा झटका आल्यावर डीकेए होऊ शकतो. तो झपाट्याने चढतो. सकाळी मळमळ आणि रात्री गुंगी, इतका वेग असू शकतो.

याची ठळक खूण म्हणजे श्वास. रक्तातले आम्ल बाहेर टाकण्यासाठी रुग्ण खोल, जोरात, न थांबता श्वास घेऊ लागतो. अडॉल्फ कुसमॉल या जर्मन डॉक्टरांनी १८७४ साली या श्वासाचे वर्णन केले. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. काहींच्या तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा किंवा नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा वास येतो. सगळ्यांनाच तो ओळखता येत नाही. म्हणून वास नाही, तर धोका नाही असे धरू नये.

दुसरी वाट : शरीर सुकत जाणे

टाइप २ च्या, विशेषतः उतारवयातल्या रुग्णात थोडे इन्सुलिन शिल्लक असते. ते कीटोन थोपवते, पण साखर थोपवू शकत नाही. साखर ६०० च्या वर, कधी हजारापर्यंत जाते. रक्त घट्ट होते आणि मेंदूतले पाणी कमी होऊ लागते. याला हायपरऑस्मोलर स्थिती म्हणतात. ती काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढते. ओकारी नाही, धाप नाही. माणूस फक्त सुस्त होत जातो, उलटसुलट बोलतो, ओळख विसरतो, कधी एक बाजू लुळी पडते किंवा झटके येतात. ‘म्हातारपण आहे’ म्हणून घरचे थांबतात. यात मृत्यूचे प्रमाण डीकेएपेक्षा कितीतरी जास्त आहे, कारण रुग्ण वयस्क असतो आणि उशिरा पोहोचतो.

मुलगा-सून कारखान्यावर आणि घरी एकटी सासू, असे चित्र तलवाड्याच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर हंगामभर असते. अशा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हाच धोका सर्वांत मोठा. शेजाऱ्यांनी दिवसातून एकदा ‘पाणी प्यालात का, जेवलात का’ एवढे विचारले आणि बोलण्यात फरक वाटला तर लगेच साखर तपासली, तरी पुष्कळ साधते.

दुसऱ्या आजाराचे सोंग

हा आजार पुष्कळदा दुसऱ्याच नावाने ओळखला जातो. डीकेएमध्ये पोटात इतके दुखते की अपेंडिक्स वाटावे. खोल श्वासामुळे दमा किंवा न्यूमोनिया वाटतो. उलट्यांमुळे पित्त किंवा अन्नातून विषबाधा झाली असे वाटते. बडबड आणि गुंगी पाहून ‘बाहेरचे काही लागले’ म्हणून देवऋष्याकडे नेणारेही आहेत. तिथे गेलेली रात्र पुन्हा मिळत नाही. श्रद्धा आपल्या जागी असू द्या. बोटातून एक थेंब रक्त काढून साखर पाहायला मिनिटही लागत नाही. ते आधी करा.

लहान मुलांबाबत तर फारच सावध असावे. पूर्वी कोरडे झोपणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, रात्री उठून घटाघटा पाणी पिऊ लागले, खाऊनही वाळू लागले, खेळायचे सोडून पडून राहू लागले, तर त्याची साखर त्याच दिवशी तपासा. अनेक मुलांचा मधुमेह पहिल्यांदा कळतो तो डीकेए होऊनच. आई-वडील फडावर आणि मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असेल, तर या चार खुणा आजीला आणि वसतिगृहातल्या मावशींना सांगून ठेवा.

तहान आणि उसाचा रस

फडावरच्या माणसासाठी एक वेगळा सापळा आहे. साखर वाढली की तहान लागते आणि हाताशी असतो ऊस. कांडे सोलून खाल्ले, गुऱ्हाळावर रस प्याला किंवा टपरीवरचे थंड पेय घेतले, की क्षणभर बरे वाटते. पण उसाच्या रसात साखर साधारण १० ते १५ टक्के असते. म्हणजे २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात २० ते ३० ग्रॅम, चार ते सहा चमचे. त्याने साखर आणखी चढते, लघवी वाढते, तहान दुप्पट होते. हे चक्र दोन दिवस चालले तरी माणूस आडवा होतो. तहान लागली की साधे पाणीच प्यावे.

बायकांची अडचण आणखी वेगळी. फडावर आडोसा नसतो, म्हणून अनेक जणी दिवसभर पाणीच कमी पितात. मधुमेह असलेल्या बाईला हे फार महागात पडते. अंगातले पाणी कमी, त्यात लघवीचा संसर्ग, आणि संसर्गाने साखर आणखी वर. गरोदर बाईला मधुमेह असेल, तर डीकेए तुलनेने कमी साखरेलाही होऊ शकतो आणि बाळाच्या जिवाला धोका असतो. तिने उलट्या सुरू होताच रुग्णालय गाठावे.

आजारी पडल्यावर : घरात काय करायचे

ताप, जुलाब, उलट्या, खोकला, मोठी जखम यांपैकी काही झाले की मधुमेह असलेल्या माणसाची साखर वाढते, मग तो जेवलेला असो वा नसो. नेमकी इथे सगळ्यात मोठी चूक होते. ‘जेवण गेले नाही, मग इन्सुलिन कशाला’ म्हणून ते बंद केले जाते. आजारपणात शरीराला इन्सुलिन जास्त लागते. टाइप १ च्या रुग्णाने ते पूर्ण बंद करणे म्हणजे डीकेएला आमंत्रण. मात्र जेवण नसताना मिश्र इन्सुलिनचा पूर्ण डोस घेतला, तर साखर खाली कोसळू शकते. म्हणून आजारी दिवसांचा डोस डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावा आणि आजारपणात फोन करून विचारावा.

बाकीचे नियम असे :

• दर तीन-चार तासांनी साखर तपासा, रात्रीसुद्धा.

• दर तासाला एक पेला पाणी घोट-घोट प्या. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस चालते. त्यात लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असते, मधुमेहींनी त्याला घाबरू नये. पाकीट मात्र औषधाच्या दुकानातले, एक लिटर पाण्यात मिसळायचे घ्या. फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारा.

• जेवण जात नसेल तर भाताची पेज, पातळ वरण, ताक असे थोडे थोडे घ्या. पूर्ण उपाशी राहू नका.

• लघवीतील कीटोन तपासण्याच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक डबी जवळ ठेवावी आणि साखर ३०० च्या वर गेली किंवा उलट्या सुरू झाल्या की तपासून पाहावे.

• उलट्या-जुलाबात मेटफॉर्मिन आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना लगेच विचारा. जेवण नसताना ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर फार उतरू शकते.

• ज्या गोळीचे नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपते, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, ती आजारपणात किंवा कडक उपवासात थांबवावी लागते. या गोळ्या चांगल्या आहेत, हृदय आणि मूत्रपिंड जपतात. पण त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे साखर २०० च्या आसपास दिसत असतानाही आत डीकेए चालू असू शकतो. ही गोळी घेणाऱ्याला उलट्या, पोटदुखी किंवा धाप सुरू झाली, तर ‘साखर फार नाही’ म्हणून थांबू नका.

• गुडघेदुखी, कंबरदुखीवर तात्पुरता आराम देणाऱ्या काही इंजेक्शनांत आणि गोळ्यांत स्टेरॉइड असते. त्याने साखर एकदम चढते. कुठेही सुई टोचून घेण्याआधी ‘मला शुगर आहे’ हे सांगा आणि त्यात काय आहे ते विचारा.

नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास करणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावे. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने मनानेच औषध बंद करून उपवास धरू नये. साबुदाणा आणि बटाटा साखर भराभर वाढवतात. मागच्या काही महिन्यांत ज्यांना डीकेए झाला आहे, ज्या गरोदर आहेत, ज्यांना टाइप १ आहे, त्यांनी देवीला नुसता हात जोडावा, तेवढे पुरे.

आता थांबायचे नाही, अशा खुणा

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली, तर उजाडायची वाट पाहू नका :

• पोटात पाणीही ठरत नाही, किंवा उलट्या थांबत नाहीत.

• खोल, जलद श्वास, धाप, जोराची पोटदुखी.

• सुस्ती, बडबड, ओळख न पटणे, झटके.

• औषध घेऊनही साखर सलग दोनदा ३०० च्या वर.

• लघवीत कीटोन मध्यम किंवा जास्त.

• साखर मोजायच्या यंत्रावर आकड्याऐवजी एच आणि आय ही दोन इंग्रजी अक्षरे. यंत्र बिघडले असे समजू नका. ती खूण ‘हाय’ची, म्हणजे साखर यंत्राच्या मापाबाहेर, बहुतेक यंत्रांत ६०० च्या वर गेली आहे. हात धुऊन, पुसून एकदा पुन्हा तपासा आणि निघा.

• छातीत दुखणे, घाम. मधुमेहींना हृदयविकाराचा झटका कधी छातीत न दुखताही येतो. नुसती मळमळ आणि दम असतो.

१०८ क्रमांकावर फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत. कर्नाटकातही हाच क्रमांक चालतो. फोनवर गाव, कारखाना, गट आणि रस्त्याची खूण सांगता आली पाहिजे. म्हणून नव्या फडावर उतरल्याच्या पहिल्याच दिवशी त्या जागेचे नाव नीट विचारून घ्या.

माणूस बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका. शुद्धीत आहे, पण थरथरतो, घामेजला आहे, गोंधळला आहे आणि यंत्र जवळ नाही, तर साखर वाढली की उतरली हे कळत नाही. अशा वेळी गिळता येत असल्यास दोन-तीन चमचे साखर द्या. उतरलेली साखर काही मिनिटांत घात करते. वाढलेल्या साखरेत तेवढ्याने मोठा फरक पडत नाही. मनाने इन्सुलिन मात्र टोचू नका.

‘एक सलाईन लावा, बरे वाटेल’

डीकेएच्या प्रौढ रुग्णाच्या अंगातून सुमारे सहा लिटर पाणी गेलेले असते, हायपरऑस्मोलर स्थितीत नऊ लिटरपर्यंत. सलाईनची नेहमीची बाटली अर्ध्या लिटरची. म्हणजे बारा ते अठरा बाटल्यांची तूट. खाटेवर झोपवून एक बाटली लावली आणि घरी पाठवले, तर तासभर तरतरी येते आणि तेवढाच वेळ वाया जातो.

शिवाय काम नुसत्या पाण्याचे नाही. इन्सुलिन दिले की रक्तातले पोटॅशियम पेशींत शिरते. ते आधीच कमी असेल तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. म्हणून रुग्णालयात आधी सलाईन, मग रक्ताचा अहवाल पाहून पोटॅशियम आणि इन्सुलिन, असा क्रम असतो. साखर हळूहळू उतरवली जाते. लहान मुलांत घाई केली तर मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. साखर २५० च्या आसपास आली की ग्लुकोजची बाटली लावतात आणि इन्सुलिनही चालू ठेवतात. ‘शुगरच्या पेशंटला ग्लुकोज कसे?’ म्हणून नातेवाईक घाबरतात. पण रक्तातले कीटोन संपेपर्यंत इन्सुलिन द्यावे लागते आणि तोवर साखर फार खाली जाऊ नये म्हणून ते ग्लुकोज असते. साखर उतरली म्हणून रुग्णाला मध्येच उठवून घरी आणू नका.

हे सगळे गावच्या दवाखान्यात होत नाही. तिथे साखर तपासून, सलाईन सुरू करून रुग्णाला पुढे पाठवतात आणि ते योग्यच आहे. तलवाड्याकडच्या रुग्णाला गेवराईचे उपजिल्हा रुग्णालय, पुढे बीडचे जिल्हा रुग्णालय, आणि गरज पडल्यास अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी, असा मार्ग आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. खर्चाच्या भीतीने रात्र काढू नका.

कोपीतले इन्सुलिन

फडावर फ्रीज नाही, म्हणून इन्सुलिन सोडून देणारे रुग्ण आहेत. तसे करायची गरज नाही. फोडलेली, वापरातली बाटली फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे टिकते, मात्र ती गारव्यात, सावलीत हवी. केनियातल्या दादाब इथल्या निर्वासित छावणीतल्या तापमानाचा आधार घेऊन ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि जिनिव्हा विद्यापीठाने एक अभ्यास केला होता. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांत खाली-वर होणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवलेले इन्सुलिन थंड जागी ठेवलेल्या इन्सुलिनइतकेच काम करत होते.

कोपीत यासाठी मातीचे मडके उत्तम. मोठ्या मडक्यात ओली वाळू भरा, तिच्यात लहान मडके बसवा, बाटली घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत घालून लहान मडक्यात ठेवा आणि वरून ओले फडके टाका. वाळू रोज ओली करा. इन्सुलिन बर्फावर ठेवू नका. एकदा गोठले की ते निकामी होते. ट्रॅक्टरच्या काचेपुढे, पत्र्याखाली किंवा उन्हातल्या पिशवीत ठेवू नका. पाण्यासारखे स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ झाले, किंवा दुधट इन्सुलिन हलवूनही त्यात गुठळ्या राहिल्या, तर ते फेका. साखर विनाकारण चढू लागली, तर पहिली शंका बाटलीवर घ्या.

दुसरी शंका सिरिंजवर. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटचे असते. त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपीची. परगावच्या दुकानात घाईत अदलाबदल झाली, तर ४० च्या बाटलीतून नारिंगी टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलेले इन्सुलिन प्रत्यक्षात आठच युनिट भरते. रोज टोचूनही साखर वाढत जाते. उलट चूक झाली, म्हणजे १०० च्या बाटलीला लाल टोपी लावली, तर २० च्या जागी ५० युनिट अंगात जातात आणि जीव धोक्यात येतो. बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग दर वेळी जुळवून पाहा.

निघण्याआधी

४० युनिटच्या दहा मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात. दिवसाला ३० युनिट घेणाऱ्याला ती १३ दिवस पुरते. पाच महिन्यांना बारा बाटल्या लागतील आणि न फोडलेल्या बाटल्यांना थंडावा हवा. सगळा साठा बरोबर नेणे जमणार नाही. म्हणून दोन बाटल्या बरोबर घ्या, औषधाच्या चिठ्ठीची प्रत आणि मोबाइलमध्ये तिचा फोटो ठेवा, आणि फडावर पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळचे सरकारी रुग्णालय गाठून पुढची सोय करून घ्या. साखर मोजायचे यंत्र आणि पट्ट्या टोळीत तिघा-चौघांनी मिळून घेतल्या तरी चालतात. सुई मात्र प्रत्येकाची वेगळी, दर वेळी नवी.

तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाने निघण्याआधी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी होत असेल, तर तीही करावी. पायाला जखम असेल तर ती भरल्याशिवाय फडात उतरू नये. अनवाणी तर नाहीच.

मुकादमांनाही एक सांगणे आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोन माणसे. एक आजारी पडला की दोघांचा खाडा पडतो आणि त्याचा हिशेब उचलीतून वळता होतो. या भीतीने माणूस उलट्या होत असतानाही मोळ्या बांधत राहतो. दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा धरू नका. टोळीत कोणाला शुगर आहे, कोण इन्सुलिन घेते, हे तुमच्या वहीत पहिल्या पानावर असू द्या, १०८ या आकड्यासह.

शंभर वर्षांपूर्वीचा मुलगा

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडात टोरोंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तो हाडांचा सापळा झाला होता. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा देणे सुरू झाले. मुलाची साखर उतरली, लघवीतले कीटोन गेले आणि तो आणखी तेरा वर्षे जगला. त्याआधी अशा रुग्णाच्या घरच्यांना वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नव्हते.

आज इन्सुलिन आहे, सलाईन आहे, फुकट रुग्णवाहिका आहे. तरीही माणसे जातात, ती बहुधा उशीर झाल्यामुळे. तलवाड्याच्या देवीचे नावच त्वरिता. घरातल्या मधुमेही माणसाचा श्वास बदलला, बोलणे बदलले, पाणी पोटात ठरेनासे झाले, तर त्या नावातली त्वरा तेवढी आठवावी.